वहीतलं दिसते, मशिनीतलं कुठं असते?

बाळापूरला आमच्या बचत गटाच्या बैठकीत हिशेब संगणकात चढवायचं ठरलं. तेव्हा एक आजी म्हणाल्या, "वहीतलं बोट लावून दाखवता येते. मशिनीतलं कुठं असते वं? अन् पुसलं गेलं त?" प्रश्न घामाच्या पैशाचा होता, म्हणून कोणी हसलं नाही. आम्ही माहिती काढली. जे समजलं ते आज सांगतो.

आधी कल्हई आठवा. पितळेचं भांडं तापवायचं, नवसागर टाकून पृष्ठभाग साफ करायचा, मग कथील लावून कापसाच्या बोळ्यानं फिरवायचं. एका धातूवर दुसऱ्या धातूचा पातळ थर बसतो. पितळ नीट साफ नसेल तर कल्हई धरत नाही. म्हणजे सगळं काम दोन धातूंच्या धुऱ्यावर अवलंबून असतं.

आता संगणकाकडे येऊ. बऱ्याच संगणकांत हिशेब हार्ड डिस्क नावाच्या चकतीवर राहतो. चकतीवर लोहचुंबकासारखे बारीक बारीक ठिपके असतात. काहींचं तोंड इकडे, काहींचं तिकडे. तीच आपली अक्षरं आणि आकडे. पण ठिपका जितका लहान तितकी त्याची ओढ कमी. ती ओळखायची कशी?

उपाय सापडला कल्हईपेक्षा कितीतरी पातळ थरांत. लोखंडाचा एक थर, वर क्रोमचा, वर पुन्हा लोखंडाचा. केसाच्या जाडीचे सुमारे ऐंशी हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढा हा क्रोमचा थर. जर्मनीचे पीटर ग्रुनबर्ग यांना १९८६ साली दिसलं की अशा दोन लोखंडी थरांची चुंबकी तोंडं एकमेकांच्या उलट राहतात. १९८८ साली त्यांनी आणि फ्रान्सचे आल्बेर फेर यांनी वेगवेगळं काम करून दाखवलं, की बाहेरून चुंबकाचा जोर लावून ती तोंडं एका दिशेला केली की वीज सोपी वाहते. फेर यांच्या प्रयोगात कडाक्याच्या थंडीत विजेला होणारा अडथळा जवळपास निम्म्यावर आला. दोघांना २००७ साली नोबेल मिळालं.

असं का होतं? समजा, जत्रेत दोन दारं आहेत. निम्म्या बायांचा पदर डाव्या खांद्यावर, निम्म्यांचा उजव्या. दोन्ही दारांवरचे पहारेकरी डाव्या पदराच्या बायांना सोडतात, तर निम्म्या बाया सरळ पार होतात. एक पहारेकरी डाव्यांना अन् दुसरा उजव्यांना सोडू लागला, तर प्रत्येक बाई कुठल्या ना कुठल्या दारावर अडते. विजेच्या कणांचेही असेच दोन प्रकार असतात. डिस्क वाचणाऱ्या सुईत एक पहारेकरी पक्का असतो, दुसरा ठिपक्याच्या ओढीनं फिरतो. वीज वाढली की घटली, यावरून आकडा वाचला जातो. १९९७ पासून अशा सुया बाजारातल्या डिस्कमध्ये आल्या. आता त्याच घराण्यातली पुढची पद्धत चालते.

आपल्याकडे शेताचं भांडण बहुधा धुऱ्यावरच होतं. इथंही कणांची अडवणूक बरीचशी थरांच्या धुऱ्यावर होते. धुरा खडबडीत झाला, क्रोमची जाडी थोडी कमीजास्त झाली, की थरांची तोंडं बदलतात. डोळ्यांना न दिसणारा हा धुरा मोजण्याचं काम मुंबईत होतं. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात १९८५ साली ध्रुव अणुभट्टी सुरू झाली. तिच्यातले न्यूट्रॉन नावाचे कण अगदी तिरपे अशा थरांवर सोडतात. न्यूट्रॉन स्वतः बारीक चुंबकासारखा वागतो. किती कण परतले यावरून थराची जाडी, धुऱ्याचा खडबडीतपणा आणि आतलं चुंबकत्व कळतं.

तर आजी, मशिनीतला हिशेब चुंबकाच्या ठिपक्यांत राहतो. तो सहजासहजी पुसला जात नाही. पण संगणक पडला, सुई चकतीला घासली, तर जाऊ शकतो. म्हणून आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. हिशेबाची नक्कल दुसऱ्या ठिकाणी ठेवायची. काळी पट्टी असलेलं एटीएम कार्ड चुंबकाच्या बटणाच्या पर्समध्ये ठेवायचं नाही. आणि सह्या-अंगठ्यांची वही चालूच ठेवायची.

तुमच्या गटाची नक्कल कुठं आहे? पुढच्या बैठकीत विचारा.