मांसाहाराविना मास्टरशेफ

काल क्लासला आलेल्या एका काकूंनी विचारलं, "ते मास्टरशेफ म्हणजे चिकन-मटणवाल्यांचंच ना?" म्हटलं, यावर लिहायलाच हवं.

पाककला स्पर्धेचा हा मूळ कार्यक्रम ब्रिटनचा, बीबीसीवर 1990 साली सुरू झालेला. आपल्याकडे स्टार प्लसवर 2010 मध्ये आला. पहिली विजेती लखनौची शिक्षिका, पंकज भदौरिया.

पण मला सगळ्यात धाडसी वाटतो तो 2015 चा चौथा सीझन. पूर्ण शाकाहारी! परीक्षक संजीव कपूर, विकास खन्ना आणि रणवीर ब्रार.

अनेकांनी नाकं मुरडली. माझं मत उलटं आहे. मासा ताटात ठेवला की तोच मुख्य पदार्थ होतो. भाजीला तो मान कमवावा लागतो.

सुरणच घ्या. आधी चिंच किंवा आमसूल घालून अर्धवट उकडायचा, नाहीतर घसा खाजलाच म्हणून समजा. मग कापडावर पसरून पार कोरडा करायचा. ओलसर काप तव्यावर टाकला तर नुसता वाफवतो, रंग धरत नाही. कोरडा काप तापल्या लोखंडी तव्यावर टाका आणि हलवू नका. कडा तांबूस झाल्या की सुटतो आपोआप.



पुन्हा मास्टरशेफकडे येऊ. पुढे सातव्या सीझनमध्ये आसामचा नयनज्योती सैकिया जिंकला, म्हणजे प्रांतांची चवही पुढे आली.

सुरण, कच्चा फणस, केळफूल, कशाबद्दलही विचारा. कमेंटमध्ये उत्तर देते.