पगार नाही, पण मुलं आहेत: इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये मुलांचं काय होतं?

"मला पगार नाही. पण मुलांची नावं टाकून रिटर्न भरलं तर सरकार पैसे देतं म्हणे, खरं का?" मोमीनपुरा असो की ताजबाग, शौहरच्या इंतकालनंतर किंवा तलाकनंतर घर सांभाळणाऱ्या अनेक मातांचा हा सवाल असतो.

सरळ जवाब असा: नाही. भारतात आज मुलं मोजून करात सूट मिळत नाही. अमेरिकेत तशी सोय आहे. तिथल्या नातेवाइकांकडून ऐकलेली गोष्ट इथे लागू होईल असं समजू नका. एकेकाळी आपल्याकडेही थोडंफार तसं होतं. 1950 च्या दशकाच्या अखेरीस विवाहित माणसाची करमुक्त मर्यादा मूल नसेल तर 3,000 रुपये, एक मूल असेल तर 3,300 आणि जास्त असतील तर 3,600 रुपये होती. ती पद्धत कधीच बंद झाली.

मग रिटर्न भरायचंच नाही का? तसंही नाही. पगार नसला तरी उत्पन्न असू शकतं: बँकेतल्या ठेवीचं व्याज, दुकानाचं भाडं, फॅमिली पेन्शन. आपल्यापैकी अनेक जण व्याज स्वतःसाठी वापरत नाहीत, गरिबांना देऊन टाकतात. तरी कायद्याच्या हिशोबात ते तुमचंच उत्पन्न धरलं जातं.

2025-26 या आर्थिक वर्षाचं एक उदाहरण घेऊ. एका विधवा आईला स्वतःच्या ठेवीवर 2,10,000 रुपये व्याज मिळालं. लहान मुलाच्या नावावरच्या ठेवीचं व्याज 30,000 रुपये. 18 वर्षांखालच्या मुलाचं असं उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवावं लागतं. म्हणजे एकूण 2,40,000 रुपये. नव्या करपद्धतीत 4 लाखांपर्यंत कर नाही, म्हणून तिचा कर शून्य. पण व्याज 50,000 च्या वर गेल्यामुळे बँकेने 10 टक्के, म्हणजे 21,000 रुपये टीडीएस कापला. रिटर्न भरलं तर हे सगळे पैसे परत मिळतात. नाही भरलं तर तिथेच अडकतात. हे पैसे मुलांमुळे मिळत नाहीत, ते तिचे स्वतःचेच कापलेले पैसे आहेत.

मुलांच्या संदर्भात एवढं लक्षात ठेवा:

फी. जुन्या करपद्धतीत दोन मुलांपर्यंतची शाळा-कॉलेजची ट्यूशन फी 80सी कलमात वजा होते. विमा, पीपीएफ वगैरे सगळं धरून मर्यादा 1,50,000 रुपये. डोनेशन आणि कोचिंग क्लासची फी यात चालत नाही. नव्या पद्धतीत ही वजावटच नाही. आणि कर शून्य असेल तर फीच्या पावतीने एक रुपयाही जास्त परत येत नाही.

मुलाचं उत्पन्न. आईवडील एकत्र असतील तर ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या रिटर्नमध्ये ते मिळवायचं. तलाक किंवा खुला झाला असेल तर मुलाला जो सांभाळतो, त्याच्या रिटर्नमध्ये. जुन्या पद्धतीत दर मुलामागे 1,500 रुपयांची सूट आहे, नव्यात नाही. मुलाने स्वतःच्या मेहनतीने किंवा हुनरने कमावलेलं मिळवायचं नसतं. कायद्यात बसणारं अपंगत्व असलेल्या मुलाचं उत्पन्नही नाही. स्कॉलरशिप तर करमुक्तच आहे.

यतीम मूल. आईवडील दोघेही नसतील तर मुलाचं उत्पन्न चाचा-मामूच्या उत्पन्नात मिळवत नाहीत. गरज पडली तर मुलाच्याच पॅनवर पालक म्हणून रिटर्न भरायचं.

नातेवाइकांची मदत. भाऊ, देवर, जेठ, सासरे यांनी आईला दिलेल्या रकमेवर तिला कर नाही, रक्कम कितीही असो. मात्र चाचाने भरलेली पुतण्याची फी चाचाला 80सीमध्ये दाखवता येत नाही. ती वजावट फक्त स्वतःच्या मुलांसाठी आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "मोठा रिफंड काढून देतो, अर्धे मला द्या" असं म्हणणाऱ्यापासून सांभाळून राहा. असे लोक खोटी फी, खोटा विमा, खोटं दान दाखवतात. पैसे त्याच्या खिशात जातात, नोटीस तुमच्या नावावर येते. खोट्या माहितीबद्दल बुडवलेल्या कराच्या 200 टक्के दंड होऊ शकतो. एका विधवेच्या घराला तो झेपणारा नाही.

सरकारच्या ई-फायलिंग पोर्टलवर रिटर्न भरायला फी लागत नाही. पॅन, आधार, बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट हाताशी ठेवा. पोर्टलवरच्या 26एएसमध्ये किती टीडीएस कापला ते बघा. भरल्यावर 30 दिवसांत ई-व्हेरिफाय करा, नाहीतर रिटर्न ग्राह्य धरलं जात नाही. घरात दहावी-बारावीचा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांना शेजारी बसवा. आईचा हक्काचा पैसा कसा परत येतो, हे त्यांनाही कळेल.