पाकिटावरचा ६३१ आणि हलालचा प्रश्न

९ डिसेंबर २०२१ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्या. विपिन सांघी आणि न्या. जसमीत सिंग यांच्या खंडपीठाने एक आदेश दिला: पाकीटबंद पदार्थांतल्या घटकांचे नुसते सांकेतिक क्रमांक देऊन भागणार नाही, प्रत्येक घटक वनस्पतीपासून, प्राण्यापासून की प्रयोगशाळेत तयार झाला, तेही उत्पादकाने सांगितले पाहिजे. आपण काय खातो हे जाणण्याचा हक्क न्यायालयाने घटनेच्या २१ आणि २५ या कलमांशी जोडला. याचिका होती राम गौ रक्षा दल या न्यासाची. पण तिच्यातला प्रश्न मुसलमान ग्राहकालाही तितकाच लागू पडतो.

सुनावणीत उदाहरण आले ते ६३१ या क्रमांकाचे. इन्स्टंट नूडल्सचा मसाला किंवा वेफर्सचे पाकीट उलटून पाहा; बारीक अक्षरांत ‘रुचिवर्धक ६२७, ६३१’ अशी नोंद पुष्कळदा सापडते. ६३१ म्हणजे डायसोडियम इनोसिनेट. यातले इनोसिनिक आम्ल जर्मन रसायनशास्त्रज्ञ लिबिग यांनी १८४७ मध्ये मांसाच्या अर्कातून वेगळे केले. पुढे १९०८ मध्ये जपानचे किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या कढणातून ग्लुटामेट शोधले आणि १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना सुकवलेल्या बोनिटो माशाच्या चवीमागे इनोसिनेट असल्याचे आढळले. ग्लुटामेटच्या जोडीला ते चिमूटभर पडले तरी चव कितीतरी पटींनी वाढते. म्हणूनच कारखान्यांना त्याचे एवढे मोल.

हे इनोसिनेट माशांपासून काढता येते, डुकराच्या मांसापासून काढता येते आणि टॅपिओकाच्या स्टार्चवर जिवाणू वाढवूनही मिळते. आज बराचसा माल या शेवटच्या मार्गाने बनतो. तिन्ही मार्गांनी मिळणारा रेणू मात्र एकच. शुद्ध झालेल्या पांढऱ्या पुडीचे मूळ नेहमीच्या रासायनिक तपासणीत उमगत नाही. मासा हलाल आहे, त्याला जबीहाही (धार्मिक विधीने कापणेही) लागत नाही, डुक्कर हराम, स्टार्चबद्दल तक्रारच नाही. पाकिटावरचा क्रमांक मात्र तिन्ही वेळा ६३१.

‘हिरवा ठिपका पाहून घ्या, झाले,’ असे सहज सुचवले जाते. भारतातली ही खूण खरोखर मोलाची आहे, पण ती निराळ्या प्रश्नाचे उत्तर देते. माशापासूनच्या ६३१ मुळे पदार्थ शाकाहारी राहत नाही, मुसलमानाला मात्र तो चालतो. उलट, अल्कोहोलात विरघळवलेला व्हॅनिला अर्क वनस्पतिजन्य असल्याने हिरव्या ठिपक्याखाली सुखाने बसतो आणि धर्मनिष्ठ मुसलमानाला तिथेच थांबावे लागते. अमेरिकी मानकानुसार व्हॅनिला अर्कात किमान ३५ टक्के अल्कोहोल असावेच लागते. शिवाय आपल्या नियमांत दूध, मध, मेण यांच्याप्रमाणे लाखेलाही मांसाहाराच्या व्याख्येतून वगळले आहे. गोळ्या-चॉकलेटांना चकाकी देणारे ९०४ म्हणजे ही लाख, एका किड्याचा स्राव.

जिलेटिनचा पेच याहून गहन आहे. जनावरांची हाडे आणि कातडी यांतल्या कोलॅजनपासून ते बनते. युरोपात डुकराच्या कातडीचा वापर मोठा; भारतात मुख्यतः गुरांची, म्हशींची हाडे वापरतात. म्हैस हलाल खरी, पण ती कशी कापली गेली हे कोणाला ठाऊक? इथे फिक्हमधली, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रातली, इस्तिहालाची चर्चा सुरू होते: एखादी वस्तू मुळापासून पालटली, तर तिचा जुना हुकूम टिकतो का? दारू आपोआप आंबून तिचा सिरका झाला तर तो हलाल, यावर साऱ्यांचे एकमत आहे. हनफी पंथाच्या ग्रंथांत तर मिठाच्या खाणीत पडून अखेर मीठच झालेल्या गाढवाचे उदाहरण येते; ते मीठ पाक मानले गेले. शाफई पंथ अशा बदलाला फार थोड्या ठिकाणी मान्यता देतो. हाडाचे जिलेटिन होणे हा इतका संपूर्ण बदल आहे का, यावर हनफी विद्वानांतही दोन मते आहेत.

महाराष्ट्रात हा हनफी-शाफई भेद घराघरांत दिसतो. रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान प्रामुख्याने शाफई, मराठवाडा-विदर्भातले बहुसंख्य हनफी. कोळंबी शाफईंना निःशंक चालते. ती मासा आहे की नाही यावर हनफींत जुना वाद आहे. तेव्हा जिलेटिन घातलेल्या जेलीच्या एकाच पाकिटाबद्दल दापोलीत आणि परभणीत दोन प्रामाणिक उत्तरे मिळू शकतात. मला यात गोंधळ दिसत नाही. शतकानुशतके बारकाईने केलेला विचार आहे हा, आणि त्याला हवी आहे ती फक्त खरी माहिती.

माहितीची ही साखळी किती मागे जाऊ शकते, ते इंडोनेशियात दिसले. जानेवारी २००१ मध्ये तिथे अजिनोमोटोचे ग्लुटामेट बाजारातून मागे घ्यावे लागले. मालात डुकराचा अंशही सापडला नव्हता. ग्लुटामेट बनवणारे जिवाणू जपून ठेवण्यासाठी जे पोषक वापरले होते, ते तयार करताना डुकराच्या स्वादुपिंडातले विकर लागले होते, एवढाच धागा. कंपनीचे अधिकारी अटकेत गेले. स्वतः धर्मपंडित असलेले राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी माल हलाल असल्याचे सांगितले, पण तिथली उलेमा परिषद माल हराम असल्याच्या आपल्या निर्णयावर ठाम राहिली. पोषक बदलल्यावरच हलाल प्रमाणपत्र परत मिळाले.

हलाल प्रमाणपत्राचे मुख्य काम हेच असते: कच्च्या मालाचे कागद मागे मागे तपासत जाणे. जमियत उलमा-ए-हिंद या मुस्लिम संघटनेचा हलाल ट्रस्ट अशी प्रमाणपत्रे देतो. उत्तर प्रदेश सरकारने १८ नोव्हेंबर २०२३ रोजी निर्यात वगळता अशा प्रमाणित मालावर बंदी घातली. प्रमाणपत्र कोणी द्यावे यावर वाद जरूर व्हावा; पण छाप काढून टाकल्यावर ६३१ कुठून आला हे ग्राहकाला अधिक कळत नाही, उलट कमी कळते. दिल्लीचा २०२१ चा आदेश मला म्हणूनच जास्त दूरदृष्टीचा वाटतो. ‘६३१, टॅपिओकापासून’ एवढे दोन शब्द छापले, तर जैन, वैष्णव आणि मुसलमान तिघेही आपापला निर्णय दुकानात उभ्या उभ्या घेऊ शकतील. औषधांच्या कॅप्सूलवर तर शाकाहार-मांसाहाराची खूणही सक्तीची नाही, आणि बहुतेक कॅप्सूलची टरफले जिलेटिनची असतात. लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजपासून बनलेली टरफले बाजारात मिळतात; कोणते औषध कशात भरले आहे, हे रुग्णाला आज औषधविक्रेत्याला किंवा कंपनीलाच विचारावे लागते.