रानपिंगळ्याच्या दारी पाहुणे

अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या राजवाडी होळीला रात्रभर ढोल घुमतात, पहाटे होळी पेटते आणि माणसे आपापल्या पाड्यांकडे परततात. हाच काळ रानपिंगळ्याच्या विणीचा. १८८४ नंतर नामशेष झाले असे मानले गेलेले हे छोटे घुबड १९९७ च्या नोव्हेंबरात याच जिल्ह्यात, शहाद्याजवळ, पुन्हा आढळले. त्याचा विणीचा हंगाम ऑक्टोबर ते मे. मादी झाडाच्या ढोलीत अंडी उबविते. तिला सरडे, उंदीर आणून देण्याचे काम नराचे. इतर घुबडांप्रमाणे हा पक्षी केवळ रात्रीचा नव्हे, तो दिवसाही वावरतो. म्हणूनच छायाचित्रकारांच्या तावडीत सहज सापडतो. त्याला समोर आणण्यासाठी हौशी मंडळी त्याच्याच आवाजाचे ध्वनिमुद्रण वाजवितात. आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी शिरला या समजुतीने नर शिकार सोडून धावून येतो. एखाद्या वेळी हे निभावते. परंतु रोज नवा पाहुणा आला तर ढोलीतील पिल्लांनी काय खावे? आदिवासींच्या एका रात्रीच्या ढोलांकडे बोट दाखविणे सोपे (आणि शहरी निसर्गप्रेमाला सोयीचेही) आहे. तोरणमाळला पर्यटक जरूर यावेत. मात्र विणीच्या हंगामात असे ध्वनिमुद्रण वाजविण्यास वनखात्याने सक्त मनाई करावी आणि ढोलीची जागा कोणासही सांगू नये.