फेन्स सरळ, तर हात सलामत

लाकूडकाम करणाऱ्या गटांसाठी आज बोलूया करवत मशीनच्या फेन्सबद्दल. फेन्स म्हणजे पात्याशेजारचा आधार. त्याला टेकवूनच आपण फळी पुढे सरकवतो. रोजच्या घासण्याने त्याला खाचा पडतात. मग फळी तिरकी होते, पाते आणि फेन्समध्ये आवळते आणि झटक्यात आपल्याच अंगावर येते. म्हणून फेन्स झिजली की आधी दुरुस्ती, मग काम.

पहिल्यांदा प्लग काढायचा. स्टीलची पट्टी फेन्सला उभ्या कडेने लावायची. मधून उजेड दिसला, तिथे खड्डा आहे असं समजायचं. फेन्सवर सनमायका लावलेला सरळ प्लाय बसवायचा. खड्ड्याच्या जागी मागे कागदाची घडी द्यायची. स्क्रूची डोकी प्लायच्या आत बुडवायची. वरून मेणबत्ती घासली की फळी सहज सरकते.

शेवटी पात्याच्या एका दातावर खूण करून, पातं हाताने फिरवत, पुढे आणि मागे फेन्सचं अंतर मोजायचं. दोन्ही सारखं हवं. मागे कमी तर अजिबात नको. प्लायच्या जाडीने मशीनवरचं माप बदलतं, तेही नव्याने लावून घ्या. अर्धा दिवस गेला तरी चालेल, बोटं दहाच्या दहा राहिली पाहिजेत.