साठवलेल्या युनिटचा भाव
अभनपूर परिसरातील घरगुती सौर बॅटरीचा हिशेब

मे महिन्याच्या अखेरीस रायपूर जिल्ह्यात वळवाचे वादळ उठते, एखादी फांदी वाहिनीवर कोसळते आणि अभनपूरच्या आसपासची चार-सहा गावे एकदम अंधारात बुडतात. हा अनुभव नवा नाही. नवे आहे ते एवढेच की, आता ज्या घराच्या छपरावर सौर पॅनेल आहेत, तेही घर शेजारच्या घराइतकेच अंधारात असते. पुष्कळ कुटुंबांना ही गोष्ट पॅनेल बसवल्यानंतरच उमगते. वीजजाळ्याशी जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर पुरवठा खंडित होताच स्वतःला बंद करून घेतो. भर दुपारी लख्ख ऊन असले तरीही. खांबावर दुरुस्ती करणाऱ्या कर्मचाऱ्याला घराकडून उलट आलेल्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी ही व्यवस्था आहे आणि ती योग्यच आहे. पण मग कुटुंबात बॅटरीचा विषय निघतो, विक्रेत्याचे दरपत्रक येते, आणि त्यावरचा आकडा लाखाच्या घरात असतो.

लाख रुपये म्हणजे किती, हे धानाच्या भाषेत सांगितलेले बरे. छत्तीसगढमध्ये एकरी 21 क्विंटलपर्यंत धानाची खरेदी क्विंटलला 3,100 रुपयांप्रमाणे होते. त्या भावाने एक लाख रुपये म्हणजे सुमारे दीड एकराचे संपूर्ण धान. त्यामुळे बॅटरी ‘घ्यावी की न घ्यावी’ या प्रश्नाआधी तिच्यातून निघणारे एक युनिट नेमके कितीला पडते, हे विस्तार कार्यकर्त्याला कागदावर मांडून दाखवता आले पाहिजे.

पॅनेलचा प्रश्न त्या मानाने सोपा झाला आहे. 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली योजने’त पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी 30,000 रुपये व तिसऱ्यासाठी 18,000 रुपये, असे एकूण कमाल 78,000 रुपयांचे केंद्रीय अनुदान मिळते. 2025 मध्ये छत्तीसगढ शासनाने त्यात एक किलोवॅटला 15,000 आणि दोन किलोवॅट व त्यापुढे 30,000 रुपयांची भर घातली. मात्र हे अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर आहे. बॅटरीचा आणि हायब्रिड इन्व्हर्टरच्या जादा किमतीचा भार कुटुंबावरच पडतो.

आता बॅटरी. दुकानात दोन प्रकार समोर येतात : पाणी घालावी लागणारी ट्युब्युलर लेड-ॲसिड आणि लिथियम आयर्न फॉस्फेट. पुढील किमती केवळ हिशेबासाठी धरल्या आहेत. वाचकाने त्यांच्या जागी आपल्या दरपत्रकातील आकडे घालावेत.

बारा व्होल्ट, 150 अँपिअर-तासाची ट्युब्युलर बॅटरी कागदावर 1.8 युनिट साठवते. पण रोज ती तळापर्यंत उपसली तर लवकर मरते, निम्मीच वापरावी. म्हणजे 0.9 युनिट, आणि इन्व्हर्टरमधील घट वजा जाता पंख्या-दिव्यापर्यंत पोहोचतात सुमारे 0.8 युनिट. असे 1,500 फेरे मिळाले, तर आयुष्यभरात 1,200 युनिट. किंमत 15,000 रुपये धरली, तर प्रत्येक युनिटमागे साडेबारा रुपये केवळ साठवणुकीचे. त्यात भरलेल्या विजेचे मोल वेगळे. जुन्या शिशाचे मोडीत पैसे येतात, तेवढी घट धरावी.

लिथियमच्या 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-तासाच्या बॅटरीत 5.12 युनिट मावतात. ऐंशी टक्के वापर धरला तर 4.1, घट वजा जाता 3.7. कोणतीही बॅटरी वर्षागणिक क्षीण होते, म्हणून दहा वर्षांची सरासरी 3.3 युनिट धरू. दहा वर्षे रोज वापरली तर सुमारे 12,000 युनिट. किंमत एक लाख असेल, तर युनिटमागे आठ रुपये तीस पैसे. किमतीला सहा-सात पट महाग दिसणारी बॅटरी युनिटच्या हिशेबाने स्वस्त ठरली. विक्रेते येथेच थांबतात. शेतकऱ्याने मात्र थांबू नये, कारण या गणितातील ‘रोज’ हा शब्द सर्वांत महाग आहे.

छत्तीसगढ हे कोरब्याच्या कोळशावरचे, विजेने तुलनेने संपन्न राज्य. अभनपूर तर रायपूर-धमतरी महामार्गावरचे गाव. येथे वीज जाते ती वादळाने, जळालेल्या रोहित्रामुळे किंवा दुरुस्तीसाठी. समजा वर्षातून साठ रात्रीच बॅटरी कामी आली. तीच लिथियम बॅटरी दहा वर्षांत फक्त 2,000 युनिट देईल आणि युनिटचा भाव होईल 50 रुपये. लेड-ॲसिडचे पाच वर्षांचे आयुष्य धरले तर तिचे युनिट साठ रुपयांच्या वर जाते. पण गुंतवलेली रक्कम पंधरा हजारच असते. क्वचित लागणाऱ्या विजेसाठी युनिटच्या भावापेक्षा अडकणारी रक्कम पाहावी, हा विचार अशा घरांना अधिक लागू पडतो.

मग बिल वाचवण्यासाठी ती रोज वापरावी का? नेट मीटर असलेल्या घरात दिवसा जाळ्यात गेलेले युनिट रात्री वापरलेल्या युनिटमधून वजा होते. जाळे हीच त्या कुटुंबाची बॅटरी, आणि तिला डिस्टिल्ड वॉटर लागत नाही. कमी वापराच्या टप्प्यात घरगुती वीज युनिटला चार रुपयांच्या आसपास मिळत असताना आठ रुपये खर्चून ती साठवण्यात बचत नाही. येत्या काही वर्षांत हे चित्र पालटू शकेल. राजनांदगाव येथे भारतीय सौर ऊर्जा महामंडळाच्या 100 मेगावॅटच्या सौर प्रकल्पाला 120 मेगावॅट-तासांची बॅटरी जोडली आहे. 24 फेब्रुवारी 2024 रोजी त्याचे लोकार्पण झाले. मोठ्या बॅटरी प्रकल्पांच्या निविदांत 2022 मध्ये मेगावॅटमागे दरमहा सुमारे 10.84 लाख रुपये असा भाव आला होता; 2024 च्या अखेरीस काही निविदांत तो अडीच लाखांच्याही खाली आला. मात्र वाहतूक, विक्रेत्याचे कमिशन, जोडणी आणि सेवा हे खर्च घरापर्यंत येताना तेवढ्या वेगाने उतरत नाहीत.

बॅटरीचा आकार ठरवण्याआधी भार कमी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि बहुधा दुर्लक्षित राहणारा. जुना पंखा 75 वॅट घेतो, बीएलडीसी पंखा 30. तीन पंखे आठ तास चालले, तर एका रात्रीत 1.8 ऐवजी 0.72 युनिट लागतात. वाचलेले 1.08 युनिट म्हणजे वर पाहिलेल्या एका ट्युब्युलर बॅटरीपेक्षा अधिक. पंखे तर वर्षभर वीज वाचवतात; बॅटरी वादळाची वाट पाहत बसते.

पाण्याचेही तसेच. साठ मीटर खोलीवरून हजार लिटर पाणी उचलण्यास तत्त्वतः 0.16 युनिट लागते. पंपाची एकूण कार्यक्षमता चाळीस टक्के धरली तरी 0.4. दिवसा उन्हात टाकी भरून घेतली, तर रात्री पंपासाठी बॅटरी लागत नाही. 1 नोव्हेंबर 2016 रोजी नया रायपूर येथे आरंभ झालेल्या सौर सुजला योजनेतील पंप याच तत्त्वावर बॅटरीविना चालतात. पंप सुरू होताना कित्येक पट प्रवाह ओढतो. त्या एका क्षणासाठी मोठा इन्व्हर्टर घेणे परवडत नाही.

पण काही भार असे असतात की, तेथे युनिटचा भाव विचारणेच गैरलागू. अंडी उबवण्याचे यंत्र, पिलांचा ब्रूडर, दूध थंड ठेवण्याची टाकी, पहाटे प्राणवायू घटलेल्या मत्स्यतळ्यातील एरेटर. कोंबडीच्या अंड्याला 21 दिवस लागतात; अठराव्या दिवशी चार तास यंत्र थंड पडले तर संपूर्ण घाणा धोक्यात येतो. तेथे पन्नास रुपयांचे युनिटही स्वस्त. छत्तीसगढमधील प्राथमिक आरोग्य केंद्रांवर 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सौर संच असलेल्या केंद्रांत, विजेची टंचाई असूनही सौर संच नसलेल्या केंद्रांच्या मानाने, महिन्याला जवळजवळ दुप्पट प्रसूती झाल्याचे आढळले होते. अर्थात हा भार वेगळा काढून, त्याच्यापुरतीच बॅटरी बसवावी. सबंध घर तिच्यावर टाकले की नेमक्या वेळी ती रिकामी सापडते.

उष्णता हा या भागातील छुपा खर्च आहे. रायपूरचा मे महिना 44-45 अंशांचा. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना लेड-ॲसिडचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेली बॅटरी वर धरलेल्या 1,500 फेऱ्यांपर्यंत पोहोचणार नाही. उत्तरेकडील, हवेशीर, जाड भिंतीची जागा निवडावी. लेड-ॲसिडमधून हायड्रोजन निघतो, म्हणून तेथे चूल वा दिवा नको. लिथियमलाही उकाडा मानवत नाही.

देखभालीबाबत राज्याकडे स्वतःचाच धडा आहे. क्रेडा, म्हणजे छत्तीसगढ राज्य अक्षय ऊर्जा विकास अभिकरणाने, वनक्षेत्रातील हजाराहून अधिक वस्त्यांना बॅटरीसह सौर वीज दिली, तेव्हा गावातीलच एका माणसाकडे पॅनेल पुसण्याचे व बॅटरीत पाणी पाहण्याचे काम सोपवले आणि काही गावांच्या समूहामागे एक तंत्रज्ञ नेमला. घरगुती दरपत्रक हाती घेताना म्हणूनच चार प्रश्न विचारावेत. वापरता येणारी युनिटे किती? फेऱ्यांची संख्या किती टक्के डिस्चार्जवर सांगितली आहे? हमी संपताना क्षमता किती उरेल? आणि बॅटरीच्या आतील नियंत्रक बिघडला, तर तो दुरुस्त करणारा माणूस रायपुरात आहे की दिल्लीत?