आजी-आजोबांच्या हातांना जमतील अशा सोप्या हस्तकला



आपल्या आठवीचे विद्यार्थी महिन्यातून दोन शनिवारी शहरातल्या एका ज्येष्ठ नागरिक केंद्रात जातात, हे आपल्याला ठाऊक आहेच. मुलगा-सून कामावर जाताना घरातल्या वडीलधाऱ्यांना सकाळी तिथे सोडतात आणि संध्याकाळी घरी नेतात. काही जण त्याला कौतुकाने ‘आजी-आजोबांचे पाळणाघर’ म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. का, ते पुढे येईलच.

पहिल्या भेटीची तयारी मी स्वतः केली होती. रंगीत कागदाची फुलपाखरे आधीच कापून नेली, म्हणजे आजींनी फक्त चिकटवायची. एका आजींनी एक फुलपाखरू नीट चिकटवले, कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, “सर, अशी फुलपाखरे मी पहिलीच्या पोरांकडून करून घेत होते.” त्या निवृत्त शिक्षिका निघाल्या. बाकीच्यांनी आमचे मन राखण्यासाठी काम पुरे केले, पण निघताना ती सगळी फुलपाखरे टेबलावरच राहिली. एकानेही घरी नेले नाही.

चूक माझीच होती. सोपे म्हणजे बालिश असे मी धरून चाललो होतो. वस्तू मोठ्या माणसाच्या उपयोगाचीच हवी, सोपी करायची ती करण्याची रीत. आणि ती सोपी करायची तर म्हातारपणी डोळ्यांचे आणि बोटांचे काय होते ते आधी समजून घ्यावे लागते.

वय वाढते तशी डोळ्यातली बाहुली लहान होते, आत उजेड कमी जातो. डोळ्याचे भिंग पिवळसर होते, त्यामुळे निळा आणि हिरवा, किंवा दोन फिके रंग वेगळे ओळखणे कठीण जाते. पांढऱ्या ताटलीत पांढरा कापूस ठेवला तर आपल्याला दिसतो, आजींना दिसेलच असे नाही. ताटलीखाली नव्हे, ताटलीतच काळे किंवा गडद लाल फडके पसरावे. खिडकीचा उजेड डाव्या बाजूने यावा, म्हणजे उजव्या हाताची सावली कामावर पडत नाही. डावखुऱ्यांसाठी उलटे. बोटांचे म्हणाल तर संधिवातात बहुधा अंगठ्याचे मूळ दुखते. चिमूट धरणे, कात्री चालवणे, सुईत दोरा ओवणे हीच कामे अवघड होतात. तळहाताने वळणे, दाबणे, घडी घालणे मात्र बऱ्याच जणांना जमते.

हे कळल्यावर पुढच्या वेळी आम्ही कापूस नेला. वातींचे दोन प्रकार आपल्या घराघरात आहेत. फुलवात करताना कापसाचा लहानसा पुंजका पसरून मधोमध चिमटीत धरायचा, वर उचलायचा आणि टोकाला पीळ द्यायचा. बोटाला दुधाचा थेंब लावला की टोक घट्ट बसते. हे चिमटीचे काम. लांब वात दोन तळहातांत किंवा पाटावर वळतात, तिला चिमूट लागत नाही. म्हणून ज्यांचा अंगठा दुखतो त्यांना लांब वाती द्याव्यात. गेजावस्त्र त्याहून मजेचे: कापसाची बोटभर रुंद लांब पट्टी ओढायची, ओल्या बोटांनी इंचाइंचावर दाबून पीळ द्यायचा, मधले फुगीर भाग तसेच ठेवायचे आणि त्यांवर ओल्या कुंकवाचे बोट टेकवायचे. मी स्वतः प्रयत्न केला. माझे गेजावस्त्र तिसऱ्या मण्यापाशी तुटले आणि आजी मंडळी पोट धरून हसली.

त्यातल्या एक आजी दर वेळी आमच्या मुलांना नावे नव्याने विचारतात. पाच मिनिटांनी पुन्हा विचारतात. पण कापूस हातात आला की बोटे न चुकता चालतात. वर्षानुवर्षे केलेल्या हालचालींची आठवण ही नावागावांच्या आठवणीपेक्षा वेगळ्या तऱ्हेने टिकते. विसराळूपणाच्या आजारातही ती बरेचदा उशिरा जाते. अशा व्यक्तीला चार सूचना एकदम देऊ नयेत. एक तयार वात समोर ठेवावी आणि “अशी हवी आहे” एवढेच म्हणावे. “मघाशीच तर सांगितलं ना!” हे वाक्य आपल्या मुलांना मी पूर्ण बंद केले आहे.

गोधडीची कल्पना मुलींची. संपूर्ण गोधडी जड होते, म्हणून तान्ह्या बाळाचे दुपटे घेतले. शिंप्याकडच्या सुती कतरनी, मऊ झालेले जुने धोतर किंवा साडी, आणि साधा धावदोरा. जाड सुया घरून आणल्या. दहा-बारा सुयांत मुले आधीच दोरा ओवून ठेवतात, म्हणजे आजींचे काम थांबत नाही. सुया मोजून द्यायच्या आणि मोजून परत घ्यायच्या, ही जबाबदारी एकाच विद्यार्थ्याकडे. टाके वाकडे आले तर उसवून नीट करू नये. ज्याचे टाके त्याचेच राहू द्यावे.

भाद्रपदात एक अनपेक्षित गोष्ट झाली. केंद्रात मराठी आणि माळवी दोन्ही घरांतल्या स्त्रिया येतात. माळव्यात पितृपक्षाच्या दिवसांत मुली भिंतीवर शेणाने संजा काढतात, पाकळ्या आणि पन्नी लावून सजवतात, अखेरीस किलाकोट मांडतात. आपल्याकडे नवरात्रात हत्तीभोवती फेर धरून भोंडला. दोघींचे बालपण सारखेच होते, हे त्यांना त्या दिवशी कळले. पुठ्ठ्यावर शेणाऐवजी माती लिंपून अर्ध्या भागात संजा आणि अर्ध्यात हत्ती केला. त्या दिवशी मुलांना फक्त माती भिजवण्याचे काम उरले.

आजोबा मंडळींचा प्रश्न वेगळा. “हे बायकांचं काम” म्हणून ते वर्तमानपत्र उघडून बसायचे. मग आपल्या ग्रंथालयातली खिळखिळी पुस्तके नेली. पाठीला दोन इंची कापडी पट्टी खळीने चिकटवायची आणि रात्रभर वजनाखाली दाबून ठेवायचे. खळीला एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी. मैदा आधी गार पाण्यात कालवून मग मंद आचेवर ढवळावा, नाहीतर गाठी होतात. जुने लोक किडीसाठी तिच्यात मोरचूद घालत. ते विषारी आहे, आपण घालायचे नाही. पुस्तके शिवताना दोरा तुटला तेव्हा कापड गिरणीत उमेद घालवलेल्या एका आजोबांनी विणकराची गाठ घालून दाखवली. लहानशी, चपटी, ओढल्यावर अधिकच आवळणारी. आठवीतल्या सहा मुलांना ती आता येते, मला अजून नाही.

वर्तमानपत्राच्या पिशव्याही होतात, पण त्या फुलांसाठी किंवा वह्या-पेन्सिलींसाठी. खाण्याचे पदार्थ छापील कागदात बांधू नयेत असे भारतीय खाद्य सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच बजावले आहे, कारण शाई पदार्थात उतरते. गणपतीच्या मखराला पुठ्ठा वापरला. सजावटीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहेच.

वेळ सकाळी साडेदहाची ठेवावी, चहानंतर. जेवणानंतर डोळे मिटतात. चाळीस मिनिटे पुरे. हात कापत असेल तर ताटलीखाली ओला नॅपकिन ठेवावा म्हणजे ती सरकत नाही, आणि कोपर टेबलावर टेकू द्यावे. लहान मणी विसराळू व्यक्तींसमोर ठेवू नयेत, गोळी समजून तोंडात जातात. रक्त पातळ होण्याची औषधे चालू असणाऱ्यांच्या हाती सुरी-ब्लेड देऊ नये, कापण्याचे काम मुलांनी करावे. ज्यांना काहीच करायचे नसेल त्यांना नुसते बसू द्यावे. एक आजोबा तीन भेटी खुर्ची भिंतीकडे वळवून बसले होते. चौथ्या वेळी त्यांनी पुस्तकावर वजन म्हणून ठेवलेली वीट नीट सरळ केली.

त्या फुलपाखरूवाल्या आजी आता सुया मोजून घेतात आणि आमच्या मुलांच्या वहीत सही करतात, लाल पेनाने.

गेल्या गणेशोत्सवात शाळेच्या आरतीला वाती आणि गेजावस्त्रे केंद्रातून आली. कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेसाठी पुन्हा लागतील. पालकांनी सुती कतरनी (नायलॉन नको, त्यात सुई अडते), जुनी मऊ धोतरे, जाड पुठ्ठ्याचे खोके आणि सरकी काढलेला कापूस शुक्रवारपर्यंत कार्यालयात द्यावा. विश्वस्त मंडळींना विनंती एकच: केंद्रातल्या खोलीत एक चांगला टेबल-लॅम्प हवा आहे, ढगाळ दिवसांत काम अडते.